छातीइतक्या उंचीवर

कुरोतानी, १२ नोव्हेंबर २०१६

इत्सुओ,

पत्राची सुरुवात ऋतूपासून करायची रीत आहे. थंडी पडली आहे. झालं.

तुझे कागद काल आले. दस्तऐवज करणाऱ्या शिराइशींनी ते घरी आणून दिले आणि मी उघडेपर्यंत दारात उभे राहिले. एक संमतीपत्र आहे. घरामागच्या डोंगरावरची सुगी देवदाराची झाडं पुढच्या शरदात सगळी तोडायला माझी हरकत नाही, असं त्यात लिहिलं आहे. डोंगर आपल्या दोघांच्या नावावर असल्यामुळे दोन शिक्के लागतात. तुझा लागला आहे. माझ्यासाठी शेजारी जागा मोकळी आहे.

दुसरा कागद आकड्यांचा. त्याला टाचलेली तुझी चिठ्ठी: ‘वाढ थांबली. बाबांची अट पुरी झाली. मार्चअखेर शिक्का मारून पाठव.’

पंचवीस वर्षांत तुझ्या हातचं एवढंच माझ्याकडे आलं आहे. बाबा गेले तेव्हा तार आली होती, पण तार पोस्टातली बाई लिहिते.

अट मला तोंडपाठ आहे. बाबा दर नव्या वर्षाला म्हणायचे, “वाढतोय तोवर हात लावायचा नाही. थांबला की तोडा, मग मला विचारत बसू नका.” सुगीबद्दल म्हणायचे, पण आपल्या दोघांकडे बघून म्हणायचे.

तू ऑक्टोबरात येऊन गेलास हे मला आधीच कळलं होतं. खालच्या घरातल्या फुकुए काकूंनी सांगितलं. त्या आता शहाऐंशीच्या आहेत आणि अजून कोन्याकू कंदाच्या वड्या उकडून विकतात.

“तुझा भाऊ येऊन गेला की गं.”

“कोण भाऊ?”

“किती भाऊ आहेत तुला? हात धुवायला पाणी मागितलं. चहा टाकते म्हटलं तर म्हणाला बस चुकेल. बस दोन तासांनी होती. टक्कल पडलंय. मागून बघितला तर थेट तुझा बाप.”

मी तेव्हा वनसंशोधन केंद्रात कामावर होते. वाट आपल्या मागच्या दारावरून जाते, तेव्हा दार बंद आहे हे तू पाहिलं असशील. किल्ली अजून कुंडीखालीच असते.

हे पाचवं वर्ष. बाबांनी आणि मी शेवटचं मोजलं ते २०११ च्या शरदात. दर पाच वर्षांनी मोजायचं हे तुझ्या लक्षात होतं. मी नोव्हेंबरात मोजणार होते, त्याआधी तू येऊन मोजून गेलास.

आता आकडे. माझ्या वाढीच्या वक्राप्रमाणे या पाच वर्षांत आपल्या झाडांचा व्यास सरासरी एक सेंटिमीटरनं वाढायला हवा होता. तुझ्या कागदाप्रमाणे तो जेमतेम एक मिलिमीटर वाढला आहे. म्हणजे दोघांपैकी कोणीतरी चुकतंय. तू मोजलेलं कधी चुकत नाही, म्हणून मी वक्रापासून सुरुवात करते.

तोमोए


संशोधन केंद्र, २३ डिसेंबर

इत्सुओ,

तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहिते आहे. त्यामुळे लिहिणं सोपं जातं.

मी इथे काय करते हे तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलं नाहीस, आणि बाबांना सांगितलं ते त्यांनी आपल्या सोयीनं ऐकलं. काम साधं आहे. जंगलाचा एक तुकडा रशीनं आखायचा. त्यातल्या प्रत्येक झाडाला क्रमांक द्यायचा, त्याची जाडी आणि उंची घ्यायची. मग प्रत्येक झाडाला विचारायचं: तू केवढा आहेस, तुझं वय काय, शेजारी किती दाटून उभे आहेत, तुझ्या डोक्यावर ऊन किती येतं? यावरून ते पुढच्या पाच वर्षांत किती वाढेल याचं समीकरण मांडायचं. सगळ्यांची बेरीज केली की डोंगरावर किती लाकूड उभं असेल ते कळतं. कागदावर तो वक्र आधी सावकाश चढतो, मग जोरात, मग हळूहळू वाकतो. तो कुठे वाकतो एवढाच खरा प्रश्न असतो. माझी नोकरी त्यातच गेली.

जुन्या सरकारी कोष्टकात सुगी ऐंशीव्या वर्षी संपते. त्यापुढचे रकाने छापलेलेच नाहीत. लोकांना वाटायचं की वाढही तिथेच संपते. खरं म्हणजे त्यापुढचं कोणी मोजलेलं नव्हतं. विरळणी नीट झाली असेल तर मोकळ्या जागेत शेंडे पसरतात आणि झाड नव्वदीतही वाढतं. हे मी आपल्याच डोंगरावरून दाखवलं. आता तोच डोंगर नाही म्हणतो आहे.

माझ्या शेजारच्या टेबलावर हानेदा बसतो. वयानं माझ्याएवढाच. दोनदा लग्न केलेला माणूस आहे, कशाचंच त्याला आश्चर्य वाटत नाही. तुझा कागद त्याला दाखवला.

“कुराता-सान, यातली अकरा झाडं बारीक झाली आहेत.”

“साल गळली असेल. जुन्या सुगीची गळते.”

“अकरांची? की डाएटवर आहेत?”

“वाऱ्यानं, पावसानं गळते.”

“मोजलं कोणी?”

“ज्यानं मोजलं तो चुकत नाही.”

“असा एक माणूस मला शोधून द्या,” हानेदा म्हणाला, “मी त्याच्याशी लग्न करतो.”

मी हसले, पण साल गळली हेच धरून चालले. वय वाढलं की वाढ कमी होते, त्या संख्येला मी जास्त वजन दिलं. वक्र वाकला. तुझे आकडे बसले. पण मग बाबांचे आधीचे आकडे बसेनात. २००६ चे नाहीत, २०११ चेही नाहीत. एवढी वर्षं चढत आलेलं जंगल एका रात्रीत भिंतीला थडकल्यासारखं थांबलं, असं म्हणावं लागेल. तसं होतं का? रोग पडला, वादळ आलं तर होतं. तसं इथे काही झालेलं नाही.

मोजणीचे दिवस आठवत होते. बाबा छातीच्या उंचीची काठी बुंध्याला टेकवायचे, तू तिच्या टोकाशी फीत गुंडाळून आकडा ओरडायचास, मी तो परत ओरडून लिहायची. परत म्हटल्याशिवाय पुढच्या झाडाला जायचं नाही हा बाबांचा नियम. मी चुकले की तू दरीभर ऐकू जाईल असं म्हणायचास, “ताई, कान घरी ठेवून आलीस का?” एकदा मी बत्तीसला बेचाळीस म्हटलं, तर म्हणालास, “सासरी जाशील तेव्हा तांदूळ असाच मोजून देतील तुला.” सासरी गेले नाही, त्यामुळे ते तपासता आलं नाही.

१९९१ चा शरद तुला आठवत असेल. वसंतात तू नदीकाठच्या करवतगिरणीत भागी घ्यायचं ठरवलंस आणि डोंगर तोडू या म्हणालास. बाबांनी मला विचारलं, “वाढतोय का?” मी म्हटलं, वाढतोय. बाबा तुला म्हणाले, “ऐकलंस?” त्यानंतर तू माझ्याशी बोलायचा थांबलास. तरी ऑक्टोबरात मोजणी आली तेव्हा तू आलास. दिवसभर तू आकडे ओरडलेस, मी परत म्हटले, दुसरा एक शब्द नाही. शेवटी वरच्या कडेचं ते दोन बुंध्यांमधलं झाड होतं. तू म्हणालास, “चौतीस पूर्णांक दोन.” मी म्हटलं, “चौतीस पूर्णांक दोन.” तू फीत गुंडाळून खिशात घातलीस आणि उतरून गेलास. त्या आठवड्यात होक्काइदोला गेलास.

म्हणजे तू मला शेवटचं बोललास ते चौतीस पूर्णांक दोन.

तोमोए


कुरोतानी, २९ जानेवारी २०१७

इत्सुओ,

नव्या वर्षाचे तांदळाचे मोची-गोळे अजून संपले नाहीत. एकटीसाठी कमी करायचे असतात, पण हाताला जुनं माप आहे.

समीकरण आता असं झालं आहे की तुझे आकडे खरे असू शकतात. उंच उतारावर पाणी टिकत नाही, गेले दोन उन्हाळे कोरडे गेले, मुळं म्हातारी झाली. ही कारणं मी जमवली आहेत. जमवली हा शब्द मुद्दाम वापरते. कारण हवं असलं की ते सापडतं, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं.

मला तुझे आकडे खरे असायला हवे आहेत. हे लिहून टाकते. ते खरे असतील तर बाबांची अट पुरी होते, तू जिंकतोस, मी शिक्का मारते, आणि त्यात माझ्या वक्राचा काही दोष राहत नाही. जंगल आपणहून थांबलं. तसं झालं तर तू कदाचित मागच्या दारानं न जाता पुढच्या दारानं येशील.

वक्राबद्दल मात्र एक सांगते. १९९१ साली मी म्हटलं ते बरोबर होतं. त्यानंतर डोंगरावरचं लाकूड दीडपट झालं. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. भाव पाचावर एक आला, तेही खरं. वक्रात भाव नसतो. बाबांनी भाव विचारला नव्हता, तूही विचारला नव्हतास. तुम्ही दोघंही मला एकच विचारत होतात, वाढतोय का, आणि दोघांनाही वेगवेगळं उत्तर हवं होतं.

मी मार्चअखेर निवृत्त होते आहे. त्याआधी हे संपवायचं आहे. पुढच्या महिन्यात वर जाऊन डोंगराच्या देवीला साके ठेवून येते. तोडायचं असलं की आधी सांगायचं असतं. तू विसरला नसशील.

तोमोए


कुरोतानी, ५ मार्च

इत्सुओ,

फेब्रुवारीत बर्फ होतं म्हणून आज गेले. शिक्का पिशवीत घातला होता. देवीसमोर साके ठेवायची, तिथेच बसून शिक्का मारायचा, असं ठरवलं होतं. नाटकी आहे, पण बघायला कोणी नव्हतं. म्हणजे नसायला हवं होतं. वाटेत फुकुए काकू भेटल्या.

“कुठं निघालीस बाटली घेऊन?”

“देवीकडे.”

“एकटीनं जाऊ नकोस. देवी पण बाईच आहे, तिला एकटी बाई आवडत नाही.”

“तुम्ही आलात तर दोन होतील की.”

“मी बाई कुठली आता? मी म्हातारी.” काठी घेऊन माझ्या पुढे चालायला लागल्या.

चढावर दम लागला की त्या बोलतात, म्हणजे थांबायला कारण मिळतं. पहिल्या वळणावर म्हणाल्या, “ऑक्टोबरात तुझा भाऊ वर होता ना, तेव्हा आकडे ऐकू यायचे खाली. मला वाटलं तुम्ही दोघं आहात. बरं वाटलं. नंतर म्हटलं, दुसरीचा आवाज कसा येत नाही?”

“एकटाच होता तो.”

“मग ओरडत कोणासाठी होता? एकदा ओरडायचा, मग गप्प. मग पुढचा. मधे गप्प कशाला राहायचा?”

मी पुढे चढायला लागले. काकूंचा दम ओसरला होता, त्यांनीही पुढे विचारलं नाही.

आपली मोजणीची चौकट तशीच आहे. रशी कुजली, खुंट आहेत. तू मोजलेल्या प्रत्येक झाडावर तुझी पिवळ्या मेणखडूची रेघ अजून आहे. हिवाळ्यानं गेली नाही. चांगला खडू वापरतोस. मोजायच्या जागी बाबा रंगवायचे ते पांढरे पट्टे मात्र दिसत नव्हते. शेवटचा रंग त्यांनी आणि मी २०११ ला दिला, त्यावर शेवाळ चढलं आहे. मला जागा माहीत होती म्हणून एका झाडावर नखानं खरवडलं. पांढरं लागलं. पण ते तुझ्या रेघेच्या खाली होतं. साधारण अर्धी वीत.

दुसरं झाड खरवडलं. तिथेही खाली.

काकू म्हणाल्या, “झाड वाढलं की पट्टा वर जातो ना? मग हा खाली कसा राहिला?”

“पट्टा वर जात नाही, काकू. झाड शेंड्यानं उंच होतं. बुंध्यावर खिळा मारला तर पन्नास वर्षांनी तिथेच सापडतो.”

“मग तुझ्या भावानं रेघ वर का मारली? उंच झालाय का तो?”

“नाही.”

“मला तर वाकलेला दिसला.”

मी झाडाला टेकून बसले आणि मग मला हसू आलं. काकू घाबरल्या. त्यांनी देवीची साके माझ्या हातात दिली, एक घोट घे म्हणाल्या.

इत्सुओ, तुझी काठी एक मीटर तीसची आहे.

होक्काइदोत छातीची उंची एक मीटर तीस धरतात. तुला तिथे गेल्यावर तीच काठी दिली असणार, आणि तू पंचवीस वर्षं तिथल्या लार्चच्या झाडांना तीच टेकवत आलास. इथे, समुद्राच्या या बाजूला, ती एक मीटर वीस असते. देशात दोन छात्या आहेत हे मी नव्या लोकांना पहिल्याच दिवशी सांगते. ते हसतात आणि विसरतात. तुझ्या कागदावर उंची लिहिलेली नाही. कोण लिहितं? आपली छाती आपल्याला ठाऊकच असते. मीही विचारलं नाही. हानेदानं मोजलं कोणी विचारलं, पण कुठे मोजलं ते त्यालाही सुचलं नाही.

बुंधा खाली रुंद असतो आणि वर निमुळता होत जातो. आपल्या उतारावर, वरच्या बाजूनं मोजताना, दहा सेंटिमीटर वर गेलं की व्यास आठ-नऊ मिलिमीटरनं कमी भरतो. मी काही झाडं दोन्ही जागी मोजून पाहिली. तुझ्या रेघेवर तुझेच आकडे आले, एका मिलिमीटरचा फरक नाही. तू मोजलेलं चुकत नाही. बाबांच्या पट्ट्यावर दुसरे आले.

झाडं बारीक झाली नाहीत. साल गळली नाही. या पाच वर्षांत एक सेंटिमीटर, वक्रानं सांगितल्यासारखा, मी त्याला वाकवायच्या आधी.

डोंगर वाढतो आहे.

शिक्का पिशवीतच राहिला. साके देवीला थोडी ठेवली, बाकीची काकूंनी आणि मी संपवली. उतरताना काकू म्हणाल्या, “मग सांगितलंस का देवीला, तोडणार म्हणून?”

“नाही.”

“मग काय सांगितलंस?”

“मोजायला आलो होतो म्हटलं.”

हे पत्र आज पाठवत नाही. काय करायचं ते ठरलं की एकदम पाठवते.

तोमोए


कुरोतानी, २६ मार्च

इत्सुओ,

सोबत तीन गोष्टी आहेत. ५ मार्चचं पत्र, दुरुस्त आकड्यांचा कागद आणि संमतीपत्र. संमतीपत्रावर माझा नोंदणीचा शिक्का आहे. नीट लागला आहे, कडा फुटलेली नाही.

यात विसंगती दिसेल तुला. नाही आहे.

तीन आठवडे विचार केला. पहिला विचार असा आला की आकडे पाठवायचे आणि शिक्का ठेवून घ्यायचा. अटीप्रमाणे ते बरोबर झालं असतं. बाबा तुला म्हणाले होते, ऐकलंस, ते मी पुन्हा म्हटल्यासारखं झालं असतं, आणि या वेळी पोस्टानं. दुसरा विचार असा आला की शिक्का पाठवायचा आणि आकड्यांबद्दल गप्प राहायचं. त्यानं तू खूश झाला असतास. पण मग तू लहानपणापासून मोजत आलेलं जंगल तू थांबलं असं समजून तोडलं असतंस. ते मला सहन झालं नसतं. तुझ्याकडे चुकीचा आकडा राहिला असता, आणि तो मी परत म्हटलेला.

म्हणून दोन्ही पाठवते.

वाढतो आहे, हा आकडा आहे. तोडायचं की नाही, हा आकडा नाही. पन्नास वर्षांनी किती लाकूड असेल ते मी सांगू शकते. ते कोणासाठी, ते माझ्या समीकरणात कुठल्याच जागी बसत नाही. तुला मूल नाही, मला नाही. खालच्या वस्तीत चार घरांत दिवा लागतो. तोडलं तर नवी रोपं हरणं खातील, नाही तोडलं तर आपल्यानंतर विरळणी कोण करेल? तू या सगळ्याचा विचार करूनच आला असशील. मी नव्हता केला. मला वक्र पुढे दिसतो, त्यामुळे सवय लागते की पुढचं सगळं दिसतंच आहे.

बाबांनी ठरवायचं काम जंगलावर टाकलं. मग जंगलाच्या वतीनं मला विचारलं. आता ते नाहीत आणि मी शुक्रवारी निवृत्त होते. जंगलाला कोणी विचारणारं उरलं नाही. तू ठरव. आकडा समोर ठेवून ठरव एवढंच. तोडायचं ठरवलंस तर मी साके घेऊन पुन्हा वर जाईन आणि देवीला तुझं नाव सांगेन.

हानेदाला सगळं सांगितलं. म्हणाला, “म्हणजे तो चुकला नव्हता तर.”

“नाही. फक्त तिथला झाला होता.”

“लग्नाचं मग बघू या का?”

त्याला म्हटलं, टक्कल आहे.

तोमोए


कुरोतानी, २१ मे

इत्सुओ,

तुझं पार्सल परवा आलं. फुकुए काकू ओसरीवर होत्या, त्यांच्यासमोरच उघडलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेला लाकडाचा तुकडा. चिठ्ठी नाही. मी कागद उलटसुलट करून पाहिला, तुमच्याकडच्या बटाट्याच्या भावांशिवाय काही नव्हतं.

“भावानं लाकूड पाठवलं?” काकू म्हणाल्या. “इथं कमी आहे का लाकूड?”

“काठीचा तुकडा आहे, काकू.”

“कशाला?”

“कापून टाकलेला आहे. वरचा.”

त्यांनी तो हातात घेऊन फिरवला. एक टोक जुनं, बोटांनी गुळगुळीत झालेलं. दुसरं टोक नवं, पांढरं. “चहाची किटली ठेवायला बरा आहे,” म्हणाल्या. मी परत घेतला.

मी तो मोजला. मी मोजीन असं तुला वाटलंच असेल. नऊ पूर्णांक आठ सेंटिमीटर. आधी वाटलं, दोन मिलिमीटर चुकलास, आणि मला फार बरं वाटलं. मग लक्षात आलं, ते दोन मिलिमीटर करवतीच्या पात्यानं खाल्ले. पात्याची जाडी तू धरली असणार. म्हणजे तुझ्याकडे उरलेली काठी बरोबर एक मीटर वीसची आहे. करवतगिरणीतला माणूस, म्हटलं, आणि परत चिडले.

काल शिराइशींना फोन केला. तोडणीचा अर्ज पुढे गेला का विचारलं. ते म्हणाले, “नाही, तुमच्या भावानं दोन्ही शिक्क्यांचे कागद परत मागवून घेतले. मी कारण विचारलं, तर म्हणाले अजून मोजून व्हायचंय.”

“एवढंच म्हणाला?”

“एवढंच. तुम्ही दोघं कमी बोलता. आमच्या धंद्याला ते बरं असतं.”

मोजून व्हायचंय म्हणालास ते बरोबर आहे. चौकट एकट्यानं मोजलेली चालत नाही. मीही मार्चमध्ये एकटीनंच मोजलं, थोडीच झाडं, आणि काकूंना परत म्हणायला सांगितलं तर त्या अठ्ठावीसला अठरा म्हणायच्या. ते धरता येणार नाही.

ऑक्टोबरात ये. पानं गळायच्या आधी, म्हणजे वाटेवर पाय घसरणार नाहीत. किल्ली कुंडीखाली आहे, पण मी घरीच असेन, आता मला कुठे जायचं नसतं. पांढरा रंग आणला आहे. शेवाळ खरवडून ठेवते. काठी तू आण.

तोडायचं काय ते नंतर बोलू. न बोललास तरी चालेल, पण दोघांनी मोजलेले आकडे समोर असतील.

वरच्या कडेचं ते दोन बुंध्यांमधलं झाड मी मार्चमध्ये मोजलं होतं. बाबांच्या पट्ट्यावर, नीट. आजचा आकडा मला माहीत आहे.

तो मी इथे लिहीत नाही. तू फीत लाव आणि ओरड.

ताई